उपकरणांची माहिती: गाभा आणि आज्ञावली यांमधील करार

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अंतर्भाग यंत्रसामग्रीशी प्रत्यक्ष व्यवहार करतो, त्यास कर्नल किंवा गाभा असे म्हणतात. हार्ड डिस्क, कळफलक, कॅमेरा, बॅटरी, जाळ्याला जोडणारे कार्ड ही सर्व उपकरणे गाभ्याच्या स्वाधीन असतात. पत्रे लिहिण्याच्या, चित्रे दाखविण्याच्या, हिशेब ठेवण्याच्या आज्ञावली गाभ्याच्या बाहेर, एका वेगळ्या कक्षेत चालतात. या कक्षेतील आज्ञावलीला कोणत्याही उपकरणाला स्वतः स्पर्श करता येत नाही. डिस्क केवढी आहे, बॅटरी किती उरली आहे, कॅमेऱ्यातून कोणत्या प्रकारची चित्रे मिळू शकतात, हे तिला गाभ्याला विचारूनच जाणून घ्यावे लागते. असा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर मिळण्याची जी ठरलेली पद्धत, तिला इंटरफेस म्हणतात.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. आज्ञावलीने प्रश्न करावा, गाभ्याने उत्तर द्यावे. खरी अडचण आहे ती काळाची. आज लिहिलेली आज्ञावली वीस वर्षांनंतरच्या गाभ्यावर चालविली जाते, आणि कधी कधी नवी आज्ञावली जुन्याच गाभ्यावर चालवावी लागते. मधल्या काळात उपकरणे बदललेली असतात. ज्या गोष्टीची कोणी कल्पनाही केली नव्हती, ती सांगण्याची वेळ गाभ्यावर येते. त्या वेळी जुने बोलणे न मोडता नवे बोलता यावे, अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवणे म्हणजे विस्तारक्षम इंटरफेसची रचना होय.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास लिनक्स ही कार्यप्रणाली विशेष उपयुक्त आहे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा आरंभ केला. तिची संपूर्ण संहिता सर्वांना वाचण्यास खुली असल्याने, तिच्यातील यशस्वी योजनांप्रमाणेच फसलेल्या योजनाही कोणासही तपासून पाहता येतात.

कराराचे बंधन

लिनक्सच्या गाभ्याची अंतर्गत रचना सतत बदलत असते. आतल्या आत कोणताही भाग मोडून पुन्हा बांधण्यास आडकाठी नाही. मात्र बाहेरच्या आज्ञावली ज्यावर विसंबून आहेत तो व्यवहार मोडता कामा नये, हा या प्रकल्पाचा सर्वांत कडक नियम आहे. काल नीट चालणारी आज्ञावली गाभा बदलल्यामुळे आज बंद पडली, तर दोष गाभ्याचा मानला जातो. ती आज्ञावली वाईट रीतीने लिहिली होती, ही सबब सहसा चालत नाही.

या कडकपणामागे व्यवहाराचे कारण आहे. गाभ्यातील सुरक्षेचे दोष वेळोवेळी उघडकीस येतात आणि त्यांची दुरुस्ती नव्या आवृत्तीतून लोकांपर्यंत पोहोचते. नवा गाभा बसविला की काही ना काही बंद पडते, असा अनुभव लोकांना येऊ लागला, तर ते जुन्याच गाभ्याला चिकटून राहतील आणि त्यातील दोष उघडेच राहतील. म्हणजे जुन्या आज्ञावलीशी राखलेले इमान हेच नव्या दुरुस्तीचे वाहन होय.

अर्थात याची किंमतही मोठी आहे. इंटरफेसमध्ये एकदा झालेली चूक सहसा काढून टाकता येत नाही. ती चूक तशीच सांभाळून तिच्या शेजारी नवी वाट काढावी लागते.

ठरीव मापाच्या रकान्यांचा धोका

उपकरणाशी बोलण्याचा एक जुना मार्ग म्हणजे आयऑक्टल हा सिस्टिम कॉल. तो युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आला. आज्ञावली एक आज्ञा-क्रमांक आणि स्मृतीतील एक पत्ता गाभ्याला देते. गाभा त्या पत्त्यावर एक ठरीव संरचना भरून ठेवतो. छापील नमुन्यातील रकाने भरून द्यावेत, तसाच हा प्रकार आहे. आणि छापील नमुन्याचे दुखणेही त्यात आहे, ते म्हणजे रकान्याची रुंदी.

हार्ड डिस्कची भौमितिक मांडणी सांगणारी एक आयऑक्टल आज्ञा लिनक्समध्ये फार पूर्वीपासून आहे. तिच्या उत्तरात वाचनशीर्षांची संख्या ८ बिटांत, एका वर्तुळावरील खंडांची संख्या ८ बिटांत आणि सिलिंडरांची संख्या १६ बिटांत भरली जाते. १६ बिटांत जास्तीत जास्त ६५,५३५ ही संख्या मावते. २५५ शीर्षे, ६३ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट असा प्रचलित हिशेब केला, तर हा नमुना सुमारे ५३,९०० कोटी बाइटांपर्यंतच्या डिस्कचे वर्णन करू शकतो. डिस्क त्याहून मोठी झाली की सिलिंडरांच्या संख्येतील वरचे बिट गळून पडतात. गाभा कोणतीही त्रुटी कळवीत नाही. आज्ञावलीला एक संख्या मिळते, ती दिसायला निर्दोष असते, परंतु खोटी असते.

डिस्कचा आकार विचारण्याची आणखी एक आज्ञा आहे, तिचे नाव बीएलकेगेटसाइझ. तिच्या उत्तराचा रकाना ३२ बिटांच्या संगणकावर ३२ बिटांचाच असतो. ५१२ बाइटांचे खंड मोजले असता त्यात सुमारे २.२ लाख कोटी बाइट मावतात. मर्यादा येथेही आहे. पण आकार मावत नसेल, तर गाभा संख्या न देता त्रुटी कळवितो. या दोन आज्ञांमधील फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रत्येक रकान्याला कधी ना कधी मर्यादा येणारच. मर्यादा आल्यावर स्पष्ट नकार देणारा इंटरफेस दुरुस्त करता येतो. चुकीचे उत्तर देणारा इंटरफेस मात्र दोष कोठे आहे हेही कळू देत नाही.

पुढे बीएलकेगेटसाइझ६४ ही आज्ञा आली. ती आकार बाइटांत आणि ६४ बिटांच्या रकान्यात देते. मात्र तिच्या व्याख्येतच एक चूक राहून गेली. आयऑक्टलचा आज्ञा-क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि बहुतेक संगणकरचनांत त्यातील १४ बिट उत्तराची लांबी नोंदविण्यासाठी असतात. या आज्ञेच्या क्रमांकात ६४ बिटांच्या ठरीव प्रकाराऐवजी, यंत्रागणिक लांबी बदलणारा प्रकार लिहिला गेला. परिणामी ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या आज्ञावलींसाठी एकाच आज्ञेचे दोन वेगळे क्रमांक तयार झाले, आणि ६४ बिटांच्या गाभ्याला दोन्ही ओळखावे लागतात. ही व्याख्या आता बदलता येत नाही, कारण तो क्रमांक असंख्य आज्ञावलींमध्ये कायमचा उतरला आहे.

यातून पहिला नियम निघतो. गाभ्याबाहेर जाणाऱ्या संरचनेत प्रत्येक रकान्याची रुंदी सर्व यंत्रांवर सारखीच असली पाहिजे. रकान्यांमधील मोकळी जागाही दुभाषी आज्ञावलीवर, म्हणजे कंपायलरवर, न सोपविता स्वतः लिहून दाखविली पाहिजे. कारण ६४ बिटांची संख्या काही यंत्रांवर ४ बाइटांच्या सीमेवर ठेवली जाते, तर काहींवर ८ बाइटांच्या. आणि तेवढ्याने पुढचे सर्व रकाने सरकतात.

राखीव जागा

नमुना तयार करतानाच काही रकाने कोरे ठेवावेत, ही युक्ती कार्यालयातील लेखनिकालाही परिचित असते. कॅमेरे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी ग्राहक यांच्यासाठी असलेल्या व्हिडिओ फॉर लिनक्स २ या इंटरफेसमध्ये उपकरणाची ओळख सांगणारी एक संरचना आहे. तिच्यात ड्रायव्हरचे नाव, कार्डाचे नाव, जोडणीचे स्थान, आवृत्ती आणि क्षमता सांगणारा ३२ बिटांचा रकाना असून, शेवटी ३२ बिटांचे ४ रकाने राखीव ठेवलेले होते.

क्षमतेच्या रकान्याचा अर्थ पुढे संदिग्ध ठरला. एकाच कार्डातून चित्र, रेडिओ आणि चित्रासोबत येणारी मजकूर-माहिती अशी तीन स्वतंत्र दारे उघडू शकतात. मग रकान्यात लिहिलेली क्षमता संपूर्ण कार्डाची समजावी, की आज्ञावलीने उघडलेल्या दाराची? जुन्या रकान्याचा अर्थ बदलला असता, तर जुन्या आज्ञावली फसल्या असत्या. म्हणून एका राखीव रकान्याला नवे काम देण्यात आले आणि त्यात केवळ उघडलेल्या दाराची क्षमता लिहिण्यात येऊ लागली. राखीव रकाने ३ उरले, संरचनेची एकूण लांबी मात्र १०४ बाइट होती तेवढीच राहिली. त्याचबरोबर जुन्या रकान्यातील एक बिट ‘नवा रकाना भरलेला आहे’ हे सांगण्यासाठी वापरण्यात आला. हा बिट नसता, तर नव्या रकान्यातील शून्याचा अर्थ ‘क्षमता नाही’ असा घ्यावा, की ‘या गाभ्याला तो रकाना ठाऊकच नाही’ असा, हे आज्ञावलीला कळले नसते.

राखीव जागेचे एक पथ्य आहे. माहिती आज्ञावलीकडून गाभ्याकडे जात असेल, तर राखीव रकाने शून्यच आहेत की नाहीत, हे गाभ्याने पहिल्या दिवसापासून तपासले पाहिजे. ते शून्य नसतील तर विनंती नाकारली पाहिजे. ही तपासणी केली नाही, तर काही आज्ञावली त्या जागी स्मृतीतील जुना केरकचरा तसाच पाठवितात. सर्व काही चालत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे त्या रकान्याला अर्थ दिला, की तो कचरा आज्ञा म्हणून वाचला जातो. फाइल उघडण्याचा जुना सिस्टिम कॉल अनोळखी खुणांकडे दुर्लक्ष करीत असे. त्यामुळे २०१३ मध्ये तात्पुरत्या फाइलीसाठी नवी खूण आणताना, जुना गाभा तिला निश्चितपणे नाकारील अशा बेताने ती जुन्या खुणांशी जोडून घडवावी लागली. २०२० मध्ये आलेला ओपनॅट२ हा कॉल अनोळखी खुणा सरळ नाकारतो.

लांबी सांगणारी संरचना

राखीव जागा केव्हा तरी संपते. म्हणून दुसरी योजना अशी की, संरचनेनेच आपली लांबी सांगावी. गणकाच्या कार्यमापनासाठी २००९ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या पर्फ या व्यवस्थेत हे तत्त्व वापरले आहे. तिच्या संरचनेची पहिली प्रसिद्ध लांबी ६४ बाइट होती. नंतर ती अनेकदा शेवटाकडे वाढविण्यात आली.

व्यवहार असा होतो. आज्ञावली जुनी आणि गाभा नवा असेल, तर संरचना आखूड येते. गाभा उरलेले रकाने शून्य धरतो. म्हणून नव्या रकान्यात शून्याचा अर्थ ‘पूर्वीप्रमाणेच’ असा ठेवणे बंधनकारक असते. उलटपक्षी आज्ञावली नवी आणि गाभा जुना असेल, तर संरचना लांब येते. गाभा आपल्याला न कळणारा भाग तपासतो. तो सर्व शून्य असेल, तर नव्या सोयींची मागणीच केलेली नाही, हे स्पष्ट होते आणि काम पुढे चालते. त्यात काही भरलेले असेल, तर गाभा नकार देतो आणि आपल्याला ठाऊक असलेली लांबीही कळवितो. हीच रीत सर्वांना सारखी वापरता यावी म्हणून २०१९ मध्ये गाभ्यात तिच्यासाठी एक सामाईक कार्यक्रमिका घालण्यात आली.

माहिती गाभ्याकडून बाहेर जाताना लांबीचे महत्त्व आणखी वाढते. कारण येथे गाभा दुसऱ्याच्या स्मृतीत लिहीत असतो. कळफलक व तत्सम उपकरणांना कोणत्या कळा आहेत, हे विचारण्याची एक आज्ञा आहे. आज्ञावली आपल्या जागेची लांबी सांगते, गाभा तेवढ्याच मर्यादेत प्रत्येक कळेसाठी एक बिट भरतो आणि किती बाइट लिहिले ते कळवितो. आरंभी कळांची संख्या ५१२ होती, म्हणजे उत्तर ६४ बाइटांचे. काही आज्ञावलींनी जागा ६४ बाइटांचीच ठेवली, परंतु लांबी सांगताना बाइटांच्या ऐवजी बिटांच्या हिशेबाने ५११ हा आकडा दिला. गाभा ६४ बाइटच लिहीत असल्याने काही बिघडले नाही. पुढे कळांची संख्या ७६८ झाली आणि उत्तर ९६ बाइटांचे झाले. आता या आज्ञावलींच्या जागेबाहेर ३२ बाइट लिहिले गेले असते. चूक पूर्णपणे आज्ञावलींची होती. तरीही गाभ्यात खास अपवाद लिहिण्यात आला: कळांच्या प्रश्नात लांबी नेमकी जुन्या कमाल आकड्याएवढी आली, तर उत्तर जुन्या मापाचेच द्यावे आणि नोंदवहीत इशारा लिहावा. कराराचे बंधन किती दूरवर पोहोचते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

‘शून्य’ आणि ‘ठाऊक नाही’

फाइलीची माहिती देणारे जुने कॉल ३२ बिटांच्या यंत्रांवर वेळ ३२ बिटांत देत. ती मोजदाद १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. एप्रिल २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ या आवृत्तीत स्टॅटएक्स हा नवा कॉल आला, तो केवळ वेळेचा रकाना रुंद करून थांबला नाही. त्यात आज्ञावली आपल्याला काय हवे ते एका बिटमालेत सांगते आणि गाभा आपण प्रत्यक्षात काय भरले ते दुसऱ्या बिटमालेत सांगतो. संरचना २५६ बाइटांची असून तिच्यात भविष्यासाठी भरपूर जागा सोडलेली आहे. मागणीच्या बिटमालेतील एक बिटही पुढील विस्तारासाठी राखून ठेवला आहे आणि तो आजच वापरल्यास विनंती नाकारली जाते.

या रचनेचा उपयोग डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत दिसून आला. मधली साठवण टाळून डिस्कवर थेट लिहावयाचे असेल, तर स्मृतीतील पत्ता आणि डिस्कवरील स्थान विशिष्ट मापाच्या पटीत असावे लागते. ही मापे सांगणारे दोन रकाने स्टॅटएक्समध्ये घालण्यात आले. संबंधित बिट भरलेला असून रकाने शून्य असतील, तर थेट लेखन शक्य नाही, असा निश्चित अर्थ होतो. बिटच भरलेला नसेल, तर गाभ्याला याविषयी काही सांगावयाचे नाही, असा अर्थ होतो. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि चांगल्या इंटरफेसमध्ये त्यांना वेगळी जागा असते.

मजकुराचा मार्ग

संरचनांच्या या कटकटी टाळण्यासाठी माहिती सरळ मजकूर म्हणून का देऊ नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. लिनक्सच्या प्रॉक या फाइलव्यवस्थेत सीपीयूइन्फो नावाची फाइल आहे; ती वाचली की गणकाचे वर्णन ओळीओळीने मिळते. माणसाला ते सोयीचे असते. पण आज्ञावलीही तोच मजकूर वाचू लागतात आणि मग प्रत्येक ओळ कराराचा भाग बनते. त्यात बोगोमिप्स नावाची एक ओळ असते. ती मुळात गाभ्याच्या विलंब-आवर्तनाचे माप असून गणकाच्या वेगाचे विश्वसनीय मोजमाप नव्हे. ती दिशाभूल करते म्हणून २०१३ मध्ये आर्म या संगणकरचनेसाठी ती काढून टाकण्यात आली. त्या ओळीवर विसंबून असलेली आज्ञावली बंद पडल्याचे पुढे उघडकीस आले आणि जानेवारी २०१५ मध्ये ती ओळ परत घालावी लागली. निरर्थक माहितीही एकदा दिली की परत घेता येत नाही.

२००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीत सिसएफएस ही फाइलव्यवस्था आली. तिचा नियम असा की, एका फाइलीत एकच मूल्य असावे. नवी माहिती द्यावयाची असेल तर नवी फाइल निर्माण करावी. जुन्या फाइलींना हात लावू नये. फाइल नसणे हेच ‘ठाऊक नाही’ या उत्तराचे रूप होते. प्रत्येक फाइलीचा अर्थ गाभ्यासोबतच्या दस्तऐवजात लिहिला जातो आणि ती स्थिर आहे, प्रायोगिक आहे की कालबाह्य, याची वर्गवारी केली जाते.

मजकूर असला तरी एककाचा प्रश्न सुटत नाही. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात दिले जाते. म्हणजे ४५००० याचा अर्थ ४५ अंश सेल्सिअस. डिस्कचा आकार नेहमी ५१२ बाइटांच्या खंडांत सांगितला जातो, मग डिस्कचा प्रत्यक्ष खंड ४,०९६ बाइटांचा का असेना. एकक सुरुवातीलाच बारीक निवडले, तर पुढे अपूर्णांकांची गरज पडत नाही. या पद्धतीत एक उणीव मात्र राहते. बॅटरीतील ऊर्जा आणि तिचा खर्चाचा वेग दोन फाइलींतून वाचले, तर दोन वाचनांमधील क्षणात स्थिती बदललेली असू शकते. एकाच क्षणाचे संपूर्ण चित्र हवे असेल, तेथे सर्व मूल्ये एकत्र देणारा मार्गच योग्य ठरतो.

लेबले लावलेल्या पुड्या

जाळ्याच्या उपकरणांसाठी लिनक्समध्ये नेटलिंक ही व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक माहितीला १६ बिटांची लांबी आणि १६ बिटांचा प्रकार-क्रमांक असे लेबल लावून मगच ती पाठविली जाते. वाणी निरनिराळे जिन्नस लेबल लावलेल्या पुड्यांत बांधून देतो, तसे हे आहे. अनोळखी लेबलाची पुडी आज्ञावली लांबी पाहून ओलांडते आणि पुढची उघडते.

कार्डातून गेलेल्या बाइटांची मोजदाद पूर्वी ३२ बिटांत होत असे. सेकंदाला १०० कोटी बिट वाहून नेणाऱ्या कार्डावर हा मोजणीयंत्राचा फेरा सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण होऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो. २०१० मध्ये ६४ बिटांच्या मोजदादीसाठी नवी पुडी आणण्यात आली. जुनी पुडी काढून टाकली गेली नाही. उत्तरात दोन्ही येतात. जुनी आज्ञावली नव्या पुडीला ओलांडते, नवी आज्ञावली जुनीकडे पाहत नाही. थोडे बाइट वाया जातात, परंतु कोणाचेही काम अडत नाही.

परीक्षा

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व योजनांना एकच परीक्षा लावता येते. गाभा आणि आज्ञावली यांच्या चार जोड्या मांडाव्यात: जुन्याशी जुना, जुन्याशी नवी, नव्याशी जुनी आणि नव्याशी नवी. प्रत्येक जोडीत बरोबर उत्तर किंवा स्पष्ट नकार, यांपैकी एक तरी मिळाले पाहिजे. चुकीचे उत्तर एकाही जोडीत मिळता कामा नये. युनिक्सच्या परंपरेत अनोळखी आयऑक्टल आज्ञेला मिळणाऱ्या नकाराचा मूळ शब्दार्थ ‘हा टंकलेखक नव्हे’ असा आहे. टंकलेखकासारखी यंत्रे संगणकाला जोडली जात, त्या काळाची ती खूण आहे. शब्द जुना झाला, पण नकार स्पष्ट असल्यामुळे आजची आज्ञावलीही तो समजू शकते आणि दुसरा मार्ग शोधू शकते.

रचनाकाराला भविष्यातील उपकरणे दिसत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. रकान्यांची रुंदी निश्चित करणे, एकक लिहून ठेवणे, कोरी जागा कोरीच राहते याची तपासणी करणे, आणि न मिळालेल्या माहितीला शून्याचे रूप न देणे, एवढे मात्र त्याच्या हाती असते. कोणती माहिती मुळीच देऊ नये, हे ठरविणेही त्याच्याच हाती असते. कारण दिलेली प्रत्येक ओळ पुढच्या पिढीतील रचनाकारांना सांभाळावी लागते.